कापसाच्या काट्यावरचं माझं वजन

वजन खरं सांगायचं की थोडं कमी, एवढाच प्रश्न होता. मी थोडं कमी सांगायचं ठरवलं. (पुढचं सगळं तिथूनच झालं.)

आम्हा माजी सैनिकांसाठी दवाखान्यानं मोबाइलवर डॉक्टर सुरू केले. दर बुधवारी एक मेजर मॅडम पडद्यावर येऊन लठ्ठपणाचे उपचार समजावणार. भुसावळ, पहूर, आमचं नशिराबाद, बठ्ठे, म्हणजे सगळेच, आपापल्या घरी बसून ऐकणार. माझा फौजेतला सोबती वना आदल्या दिवशीच म्हणाला, "गिरधर, वजन जास्त निंघनं का पोट कापतस. ऑर्डर शे!"

मी फौजेत लंगरात स्वयंपाकी. जन्मभर कांदे कापले, पण आपल्याला कोणी कापावं हे काही सोसेना.

घरात काटा नाही. कुंदनशेठच्या कापसाच्या काट्यावर चढलो.

"आबा, एक क्विंटल आठ किलो," कुंदनशेठ म्हणाला. "माल चांगला शे."

आता कापूस मोजला की व्यापारी घट धरतोच. बारदानाची, ओलाव्याची, कचऱ्याची. ती मी शेतकरी म्हणून कायम सोसली. आज पहिल्यांदा माझ्या फायद्याची निघाली. धोतर-बंडी म्हणजे बारदान. नुकतीच आंघोळ झालेली, तो ओलावा. सकाळचं भरीत अजून पोटात होतं, त्याला कचरा म्हणवेना, पण धरलं. (वांगी आमच्याच शेतातली होती.) घट काढता काढता मी ब्याण्णववर आलो.

बुधवारी माझ्या बायकोनं, भिकुबाईनं, मोबाइल डाळीच्या डब्याला टेकवला. मेजर मॅडम दिसल्या मात्र, मी सवयीनं ताडकन उठून सावधान उभा राहिलो.

"गिरधरजी, चेहरा दाखवा."

"मॅडम, चेहरा वर आहे."

"मला नुसतं पोट दिसतंय!"

पहूरचा प्रेमराज पडद्यावरूनच ओरडला, "हाई तं आपला गिरधरच शे! पोटवरून वळखं मी!"

"बरं, वजन किती?"

"ब्याण्णव, मॅडम. घट वजा करून."

"कसली घट?"

मी सावकाश समजावून सांगितली. मॅडमनी तोंडावर रुमाल धरला. (सर्दी असावी.)

मागून भिकुबाई कडाडली, "बठ्ठं खोटं शे, मॅडम! एकशे आठ शे! पोट कापतीन म्हणून घाबरी राहिनात ते!"

मॅडम हसायच्या थांबल्या. "गिरधरजी, लठ्ठपणा हा आजार आहे, त्यात लाजायचं काय? आधी खाणं आणि चालणं. मग तपासण्या करून, गरज असली तर औषध, काहींना इंजेक्शन. ऑपरेशन थोड्यांनाच, तेही त्यांनी हो म्हटल्यावर. पण खरं वजन कळल्याशिवाय मी ठरवू कसं?"

"म्हणजे ऑर्डर नाही?"

"नाही!"

माझा जीव भांड्यात पडला. असा सॅल्यूट ठोकला की डाळीचा डबा हलला.

"फक्त एक सांगा," मॅडम म्हणाल्या. "घरात हुकूम कोणाचा चालतो?"

पडद्यावरच्या बठ्ठ्या फौजींनी एकदम मागं वळून पाहिलं.

"मग आजपासून अक्का तुमच्या कमांडिंग ऑफिसर."

आता रोज सकाळी भिकुबाई पुढं अन् मी मागं, हायवेच्या कडेनं निघतो. परवा म्हशी घेऊन चाललेल्या सुनंदाबाईनं विचारलं, "अक्का, आबास्ले कोठे घेऊन चालन्या?"

भिकुबाई न थांबता म्हणाली, "चाराले नई, नुसतं चालवाले."