बेगमची पंगत

आमचे शेजारी रंगनाथ मास्तर बाभळीच्या शेंगा खातात. हसू नका, मी या डोळ्यांनी पाहिलंय! शेळीपुढे टोपली ठेवण्याआधी एक शेंग स्वतः चावायची, डोळे मिटून चघळायची आणि निकाल द्यायचा, "चालतंय! जरा तुरट हाय, पण चालतंय."

बिडकीनच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर या एकट्या माणसानं दोन शेळ्या पाळल्या. काळी इथलीच, उस्मानाबादी. उन्हाळ्यात हिरवं संपलं की काटे, भुसकट, माझ्या लुंगीचं टोक, काहीही खाते; दूध थोडं कमी करते, पण तब्येत सोडत नाही. दुसरी बेगम. जमनापारी, उंच, हातभर कान. दूध भरपूर, नखरे त्याहून भरपूर.

यंदा चैत्रातच बांध करपले. बेगम सुक्या चाऱ्याला लवकर तोंड लावीना. काळी तिचाही वाटा फस्त करील म्हणून मास्तरांनी काळीला घरामागं बांधलं आणि स्वतः बेगमसमोर मांडी घालून शेंगा चावू लागले. "बघ, मी मेलो का? खा की गं बाई!" बेगम मान फिरवायची. दूध आटलं, बरगड्या दिसू लागल्या.

"भाऊ, शुक्रवारी वेरूळचा पुतण्या हिला नेणार," मास्तर मला म्हणाले. "त्याच्याकडं हिरवं हाय. माझ्याकडं काय हाय?"

त्यांचा चेहरा बघून माझी बायको म्हणाली, "मास्तर, जेवायला या."

"झालंय माझं!"

सकाळी नऊ वाजता विचारा, यांचं जेवण झालेलंच असतं.

गुरुवारी काळीनं दावं तोडलं आणि थेट बेगमच्या टोपलीत तोंड घातलं. मास्तर काठी घेऊन धावले, पण मध्येच थांबले. काळी कडाकडा शेंगा फोडत होती. बेगमनं वास घेतला, काळीच्या तोंडातली शेंग ओढली. मग दुसरी स्वतः उचलली. तिसरीही!

"मास्तर," मी टाळ्या पिटल्या, "शेळी म्हणून तुम्ही साफ नापास!"

मास्तर हसले नाहीत. "लई येडा मी. हिला एकटीला जेवाय बसवलं. एकट्याला घास उतरत नाय, भाऊ."

पुतण्याला त्यांनी फोनवर 'येऊ नको' सांगितलं.

शुक्रवारी दुपारी आम्ही जेवायला बसलो, तोच दार वाजलं. दारात मास्तर, हातात झाकलेलं ताट.

"वहिनी, माझं झालं नाय," ते पुटपुटले. "भाकरी आणलीय मी. वरण असलं तर बघा."

मी जरा सरकून बसलो.