दामूअण्णांची दुसरी चप्पल

दामूअण्णा आमच्याकडे आले की उंबऱ्याबाहेर एकच चप्पल निघायची. दुसरी पायातच. एक पाय घरात, एक जिन्याच्या दिशेने, अशा बेतात ते चहा पीत. "बसा हो," असं माझी बायको इंदू दर वेळी म्हणे आणि "नको वहिनी, उजेड चाललाय," हे उत्तर दर वेळी मिळे. सकाळी सात वाजता कुठला उजेड चाललेला असतो, हे विचारायची सोय नव्हती. विचारेपर्यंत कपबशी खिडकीत आणि अण्णा जिन्याखाली.

डोंबिवलीच्या आमच्या चाळीत शेवटच्या खोलीत ते एकटे राहायचे. कल्याणच्या मालधक्क्यावर कारकून होते. तिथली त्यांची खुर्ची वर्षानुवर्षं नवीच्या नवी राहिली होती म्हणतात. लग्नात ते पंगतीत कधी बसत नसत. सगळ्यांना आग्रह करकरून वाढत आणि मग कोठीत उभ्याउभ्या चार घास उरकत. एकदा न्हाव्यालाही "उभ्यानं होत नाही का?" असं विचारून आलेले.

अशा माणसाने छंद कुठला धरावा? तर फोटो काढायचा. जुन्या बाजारातून घेतलेला एक काळा डबा कॅमेरा त्यांच्या गळ्यात असायचा. समोरच्याला "हलू नका, अजिबात हलू नका," असं दटावत स्वतः मात्र तव्यावरच्या लाहीसारखे उडत असायचे. त्यामुळे त्यांच्या फोटोंत माणसं बहुधा दोन-दोन नाकांची निघत.

तरी आमच्या वाचनालयाच्या सहलीला फोटोग्राफर म्हणून त्यांनाच नेलं, कारण ते फुकट येत. सहल लांबची नव्हती. कल्याणला खाडीच्या अंगाला जुन्या कारभाऱ्यांचं घर आहे. वारसांनी ते एका मंडळाला दिलं, मंडळाने कौलं बदलली, खांबांना तेलपाणी केलं आणि तिथे संग्रहालय उघडलं. ते बघायला आम्ही स्टेशनवरून टांगे करून गेलो. इंदूला बरं नव्हतं म्हणून ती आली नाही.

रोलमध्ये फोटो आठच. आमचे सेक्रेटरी नानासाहेब प्रत्येकावर नजर ठेवून होते. "अण्णा, झोपाळा घ्या. पालखी घ्या. तलवारी राहिल्या." अण्णा घेत होते, पण त्यांचं लक्ष नव्हतं. दर दोन मिनिटांनी ते गायब व्हायचे आणि मागच्या स्वयंपाकघरात सापडायचे. तिथे दोरी बांधून जातं, उखळ, तांब्याचे हंडे मांडून ठेवले होते. मी दोनदा दंडाला धरून त्यांना बाहेर आणलं.

तिसऱ्यांदा मी आणायला गेलो तेव्हा तिथले व्यवस्थापकच आम्हाला माहिती द्यायला आले. दाराआडच्या कोपऱ्याकडे बोट करून म्हणाले, "ही जागा वायाच जातेय. पुढच्या महिन्यात भिंत फोडून इथे तिकिटाची खिडकी करतोय."

दामूअण्णांचा चेहरा उतरला. पहिल्यांदाच त्यांचे पाय एका जागी थांबलेले मी पाहिले.

रोलमधला शेवटचा फोटो उरला तो नानासाहेबांनी ग्रुपसाठी राखला होता. सगळी मंडळी पुढच्या पायऱ्यांवर ओळीने उभी राहिली. बायकांनी पदर सारखे केले, नानासाहेबांनी टोपी तीनदा काढून तीनदा घातली. अण्णांनी कॅमेऱ्यात पाहिलं, मान वर केली, "आलोच," म्हणाले आणि घरात शिरले. त्यांना धरून आणायला अर्थात मलाच पाठवलं.

ते दोरीच्या आत होते. कॅमेरा जात्यावर ठेवला होता.

"उजेड चाललाय," ते म्हणाले, आणि या वेळी तो खरंच चालला होता. "इथे खटका दाबून भागायचं नाही. झाकण उघडं ठेवून थांबावं लागेल. तुम्ही एवढं कराल? मी त्या कोपऱ्यात बसतो."

"तुम्ही बसता?"

"मंगळवार माझा इथे असायचा," ते म्हणाले. "शाळेत असताना वार लावून जेवायचो. रोज एका घरी. इथे या दाराआड पान मांडायचे. पाहुणे असले की दार ओढून घ्यायचे, म्हणजे मी कोणाला दिसायचो नाही. आचारी ओरडायचा, उरक रे, अजून पंगत बसायचीय. सगळीकडे तेच. उरक, ऊठ, पान उचल. फक्त इथल्या माई उंबऱ्यात येऊन म्हणायच्या, 'सावकाश होऊ दे रे.' मग आचारी गप्प बसायचा. बसून जेवलोय तो इथेच. पुढच्या महिन्यात इथे खिडकी होणार."

बाहेरून नानासाहेबांच्या हाका चालूच होत्या.

"किती आकडे मोजू?" मी विचारलं.

"मोजू नका. मोजायला लागलात की मी उठेन. तेच म्हणत राहा."

अण्णा मांडी घालून बसले. समोर पान नव्हतं, तरी त्यांनी उजव्या हाताची बाही सारली. मी खटका ओढून झाकण उघडं ठेवलं आणि हळू आवाजात म्हणत राहिलो, "सावकाश होऊ दे. सावकाश होऊ दे रे." माझ्याहून वयाने मोठ्या माणसाला मी अरेतुरे करत होतो आणि तो उंबऱ्याकडे बघत बसला होता.

ग्रुप फोटो अर्थातच बुडाला. नानासाहेबांनी महिनाभर अबोला धरला. त्या फोटोसाठी वाचनालयाच्या भिंतीत ठोकलेल्या खिळ्यावर ते आता टोपी टांगतात.

फोटो धुऊन आला त्या दिवशी अण्णा तो दाखवायला आले. दिवेलागण होऊन गेली होती. एक चप्पल बाहेर, एक पायात. फोटोत हंडे दिसत होते, दार दिसत होतं आणि कोपऱ्यात दामूअण्णा, एका नाकाचे, अगदी स्पष्ट. तेवढा वेळ ते तसूभरही हलले नव्हते.

"बसलेलो आहे की नाही?" त्यांनी विचारलं. "पुरावा असावा म्हणून काढला."

इंदूला मी सगळं सांगितलेलं. तिने फोटो बराच वेळ पाहिला, आत गेली, पाट मांडला, ताट वाढलं आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"अण्णा," ती म्हणाली, "सावकाश होऊ द्या."

"नको वहिनी, उजेड..." एवढं म्हणून अण्णांनी बाहेर पाहिलं. बाहेर मिट्ट काळोख होता. मग वाकून त्यांनी दुसरी चप्पल काढली आणि पहिलीच्या शेजारी नीट जुळवून ठेवली.