नानांना एकही पॉइंट नको होता

मे महिन्यात, जळगावात, भर दुपारी लोकरीचा स्वेटर आणि कानटोपी घालून गच्चीवर फेऱ्या मारणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिलाय. तो माझा शेजारी आहे.

त्या दिवशी मी शाळेतून पेपरांचा गठ्ठा घेऊन आले होते. रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर गेले, तर पलीकडच्या गच्चीवर फिरकेनाना. मरून रंगाचा स्वेटर, कानांवर टोपी ओढलेली, चेहरा टोमॅटोसारखा. मला वाटलं, ऊन लागलं यांना.

"नाना, बरं वाटत नाही का?"

"सराव चाललाय, मास्तरीणबाई. एकदम थंडीत गेलं की स्वेटर टोचतो. अंगाला आधीपासून सवय पाहिजे."

"कुठे निघालात?"

"दार्जिलिंगकडे. चहाच्या मळ्यांत. दिवाळीत."

दिवाळी म्हणजे जवळपास सहा महिने. मी कपडे घेऊन खाली आले आणि पंख्याखाली आडवी झाले. तेव्हा मला कल्पना नव्हती की हे सहा महिने मलाही चालायचे आहेत.

फिरके हे आडनाव आमच्याकडे सर्रास आहे, पण नानांना ते शोभत नव्हतं. हा माणूस कधी कुठे फिरलाच नव्हता. पाइपांच्या कारखान्यात डिस्पॅचला होते. आयुष्यभर ट्रक भरून गुवाहाटी, सिलिगुडी, रांचीला पाठवले आणि संध्याकाळी सायकलवरून घरी आले. बोलण्यातही तेच. पाहुणे निघाले की "गाडी लोड झाली का?" जेवण झालं की "चला, माल उतरला." माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "फायनल आहे का प्रोव्हिजनल?"

निवृत्त झाल्यावर नानांनी एकच शब्द धरला: निवांत. ट्रिप सात दिवसांची आणि निवांत. संध्याकाळी मी फाटकाशी दिसले की मोबाइल पुढे करत. "बघा, दार्जिलिंगजवळच्या कर्सियाँगला आज चौदा डिग्री." इकडे कूलरमधलं पाणी संपलेलं, डोक्यात वर्गाचे निकाल, निवडणुकीच्या याद्या, आणि हे चौदा. मी म्हणायची, "छान." दुसऱ्या दिवशी, "आज तेरा. ढग आहेत." मी म्हणायची, "छान." काही दिवसांनी मी मागच्या दाराने ये-जा करायला लागले.

पहाडातला चहा बिनदुधाचा पितात असं कुणीतरी सांगितलं, तेव्हापासून त्यांच्या घरचं दूध बंद झालं. साखरही गेली. कोणी आलं की पितळी रंगाचं गरम पाणी कपात यायचं आणि नाना समोर बसून विचारायचे, "सुगंध येतोय का?" आमच्या गल्लीतली माणसं भिडस्त. सगळे म्हणायचे येतोय. पण हळूहळू येणं कमी झालं.

या सगळ्यात सुशीलाकाकू मात्र कुठेच नव्हत्या. काकू यावलच्या. बोलणं थोडकं आणि तिकडचं. मी विचारलं, "काकू, तुम्हाला जायचंय ना?"

"मले कोठीच जायाचं नही, माय," त्या म्हणाल्या. हातातली भाजी निवडणं थांबलं नव्हतं. "त्यायले जाऊ दे. मले घरातला पंखा बरा."

त्यांचे डोळे लाल होते. मला वाटलं कांद्याने असतील, पण समोर मेथी होती.

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी नाना म्हणाले, धुळ्याला जायचं आहे, टूरवाल्याशी बोलायला. काकूंनी मला फाटकाशी गाठलं. "मनीषा, तू जाय संगं. एकटे गेले तं त्या पोराचं डोकं खातीन."

म्हणून मी गेले. एसटीत खिडकीतून तापलेला वारा येत होता आणि नाना शेजारी बसून डोळे मिटून म्हणत होते, "समजा, हे धुकं आहे."

टूरवाला हर्षल हा कापडाच्या व्यापाऱ्याचा मुलगा. एसटी स्टँडजवळ पहिल्या मजल्यावर ऑफिस, एसी, भिंतीवर बर्फाचे डोंगर. त्याने आम्हाला थंड पाणी दिलं आणि धडाधड सुरू झाला. "काका, सात दिवसांत गंगटोक, दार्जिलिंग, सगळं कव्हर. बावीस पॉइंट. पहाटे टायगर हिल, मग मोनेस्ट्री, मग रॉक गार्डन, मग झू..."

"यातले काही कमी करता येतील का?" नानांनी विचारलं.

"येतील ना. झू काढू?"

"काढा. मोनेस्ट्री?"

"काढू. वीस राहिले."

"पहाटे उठायचं आहे ते सगळं काढा."

हर्षलने पेन उचललं. गंगटोक गेलं. धबधबे गेले. रोपवे गेला. शेवटी कागदावर एक टॉय ट्रेन उरली. नानांनी विचारलं, "ती शिट्टी वाजवते का?"

"वाजवते, काका. लोक त्यासाठीच जातात."

"मग तीही नको."

हर्षलने पेन खाली ठेवलं. "मग काका, तुम्ही तिथे जाऊन करणार काय?"

"बसणार."

"बसायला इतक्या लांब?"

"एक खोली पाहा," नाना म्हणाले. "मळ्याच्या आत. रस्त्यापासून लांब. शेजारी देऊळ नको, शाळा नको, कुत्रं नको. आणि सात दिवस तीच खोली. एकही पॉइंट नको."

हर्षलने माझ्याकडे पाहिलं. मीही त्याच्याकडे पाहिलं. आम्हा दोघांच्याही चेहऱ्यावर एकच थकवा असावा. "मॅडम," तो हळूच म्हणाला, "यांना तोरणमाळ का नाही दाखवत? दुपारपर्यंत पोचाल."

पण मुलगा चांगला होता. त्याने महिनाभर फोन करून एक घर शोधलं. नानांनी तिथल्या बाईंशी, बिमलादिदींशी, स्वतः बोलायचं ठरवलं आणि रोज बोलायला लागले. त्यांचं हिंदी ट्रक ड्रायव्हरांकडून शिकलेलं. "दिदी, गाडी का आवाज आता है क्या? दरवाजा कर-कर करता है क्या? तेल डालो उसमें." गल्लीभर ऐकू यायचं. बायका हसायच्या. मीसुद्धा हसले.

काकू अजून नाहीच म्हणत होत्या. नवरात्र संपलं तेव्हा एकदा त्या आमच्याकडे येऊन बसल्या. म्हणाल्या, "तिकिटं काढीसन ठेवले त्यायनं. तू येत असशीन तं मी येते. नही तं नही." माझे मिस्टर हसून म्हणाले, जा. मला दिवाळीच्या सुट्टीत घर आवरायचं होतं, मुलीकडे जायचं होतं, निदान दोन दुपारी झोपायचं होतं. पण काकू कधी कुणाकडे काही मागत नाहीत. मी हो म्हणाले.

भाऊबीज झाली आणि आम्ही निघालो. कोलकात्यापर्यंतची गाडी, तिथून पुढची गाडी, मग जीप. नानांनी वाटेत काहीही पाहिलं नाही. ते काकूंकडे पाहत होते. त्यांना वरचा बर्थ नको, खिडकीचा वारा नको, चादर अशी घे. मी कंटाळून विचारलं, "नाना, बाहेर बघा की, गंगा आली." ते म्हणाले, "हो हो," आणि काकूंच्या उशीखालची पिशवी काढली.

जीप वर चढायला लागली तशी दोन्ही बाजूंना मळे सुरू झाले. एकाच उंचीची कापलेली झुडपं, डोंगर उतरत उतरत खाली दरीत गेलेली, मध्येच एखादं उंच झाड. आमच्याकडच्या केळीच्या बागा मी लहानपणापासून पाहिल्यात, पण हिरवं असं उतारावरून घरंगळताना पाहिलं नव्हतं. मी काकूंना म्हणाले, "बघा ना." काकूंनी पाहिलं. "चांगलं शे," त्या म्हणाल्या, आणि जांभई दिली.

बिमलादिदींचं घर छोटं, पत्र्याचं, पुढे लाकडी व्हरांडा. व्हरांड्यातून थेट मळा. आम्हाला दोन खोल्या होत्या, एक माझी, एक त्यांची. खरंच कुत्रं नव्हतं. दाराला तेलही घातलेलं होतं.

पहिल्या दिवशी मी सकाळी उठले तर नाना त्यांच्या खोलीबाहेर वेताच्या मोड्यावर, तिकडच्या बुटक्या गोल स्टुलावर, बसलेले. काकू झोपल्या होत्या. मी एकटीच मळ्यातून फिरून आले. कपाळावर पट्टा अडकवून पाठीवर टोपली घेतलेल्या बायका पानं खुडत होत्या. परत आले तर नाना तसेच. काकू दुपारी उठल्या, थोडा भात खाल्ला, पुन्हा आत गेल्या. मला वाटलं, प्रवासाचा शीण.

दुसऱ्या दिवशीही तेच. दहा वाजून गेले होते, दार बंद आणि नाना मोड्यावर. मला आता राग यायला लागला. सुट्टी गेली, पाठ मोडली, आणि हे इथे दारासमोर पहारा देत बसलेत. मोडाही असा ठेवलेला की तोंड दाराकडे आणि मळा पाठीमागे.

"नाना, काकूंना बरं नाहीये का? डॉक्टर..."

"हळू बोला," ते म्हणाले.

"अहो पण इतकी झोप? इतक्या लांब येऊन?"

नानांनी मला हाताने व्हरांड्याच्या टोकाला नेलं. तिथेही त्यांचा आवाज दाबलेलाच होता.

"आई आमची अंथरुणावर होती, तुम्हाला माहीत आहे."

मला माहीत होतं. नानांची आई बरीच वर्षं पुढच्या खोलीत पडून होती. गेल्या हिवाळ्यात गेली. आम्ही सगळे पोचवायला होतो, आणि सगळ्यांनी म्हटलं होतं, सुटली बिचारी.

"आई रात्रीतून पाच-सहा वेळा हाक मारायची. सुशे, पाणी. सुशे, पाय. ही उठायची. मला वाटलं, आई गेली, आता ही झोपेल. पण झोप आलीच नाही तिला. अजून उठते. रिकाम्या पलंगाशी पाण्याचा पेला घेऊन उभी राहते, मग आठवतं, मग परत येऊन बसते. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. त्या खोलीत, त्या घरात ती झोपणार नाही."

मी बंद दाराकडे पाहिलं.

"आमचा एक ड्रायव्हर होता, सिलिगुडीच्या फेऱ्या करायचा. तो म्हणायचा, साहेब, माल उतरवला की मी वर मळ्यात एका घरी जातो आणि दोन दिवस नुसता झोपतो. तशी झोप गावाकडे पण येत नाही. तेवढंच डोक्यात राहिलं बघा."

"मग काकूंना सांगायचं ना तसं. त्या बिचाऱ्या सहा महिने नाही म्हणत होत्या."

"झोपायला चल म्हटलं असतं तर ती आली असती? काय झालंय मला, म्हणाली असती. आणि कुठल्या तोंडाने सांगू?" नाना कठड्याच्या लाकडावर नख ओढत राहिले. "आईची हाक मलाही ऐकू यायची, मास्तरीणबाई. प्रत्येक वेळी. मी जागाच असायचो. डोळे मिटून पडून असायचो. सकाळी डिस्पॅच आहे, म्हणायचो मनात. ट्रक काय, मी नसतो तरी गेले असते."

खालून पानं खुडणाऱ्या बायकांचा घोळका वर येत होता, जोरजोरात गप्पा मारत. नाना माझ्याशी बोलायचे थांबले. पायऱ्या उतरून त्यांच्याकडे गेले, दोन्ही तळवे गालाला लावून मान कलती केली आणि बंद दाराकडे बोट दाखवलं. बायका हसल्या. एकीने पदर तोंडाला लावला. मग त्या सगळ्या, टोपल्या घेऊन, दारावरून अगदी दबक्या पावलांनी गेल्या.

त्या आठवड्यात मी भरपूर फिरले, एकटीच. टॉय ट्रेनमध्येही बसले. तिची शिट्टी खरोखर फार मोठी आहे. संध्याकाळी परत यायची तेव्हा नाना मोड्यावर असायचे, कधी बिमलादिदींच्या चुलीशी, काकूंसाठी काही गरम करत. काकू झोपत होत्या. उठल्या की थोडं खात, अंगणात ऊन घेत, आणि बसल्या बसल्या पुन्हा त्यांचे डोळे मिटत. सुरकुत्या होत्या तशाच होत्या, पण चेहरा सैल झाला होता. डोळ्यांतली लाली गेली होती.

निघायच्या आदल्या दुपारी आम्ही तिघं व्हरांड्यात होतो. काकू नुकत्या उठलेल्या, शाल गुंडाळून बसलेल्या, जरा ओशाळलेल्या.

"मले उठवलं का नही तुमी? बठ्ठे दिवस झोपीसन काढले मी."

"काही बिघडलं नाही," नाना म्हणाले.

"तुमी तरी पाह्यले का चहाचे मये? इतकं ध्यान लागलं होतं तुमचं."

मी नानांकडे पाहिलं. आठवडाभर तो मळा त्यांच्या पाठीमागे होता. आत्ताही ते काकूंकडे तोंड करून बसले होते.

"पाहिले," नाना म्हणाले. "रोज पाहिले. फार छान आहेत."

"मंग मले बी दाखवा आता. येऊ का चप्पल घालीसन?"

नानांनी त्यांच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं. पापण्या जड होत होत्या.

"थोडं पड आधी," ते म्हणाले. "मी आहे इथे. जागाच आहे."

काकू आत गेल्या. नानांनी दार हलक्या हाताने लोटलं आणि मोडा पुन्हा पुढे ओढला.