हरण्याचे अकरा सेकंद

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास महाळुंगे पडवळच्या गेणभाऊंच्या घरातल्या कॉम्प्युटरनं सीडी गिळली. आधी जात्यात खडा गेल्यासारखा घरघरला, मग दोनदा उचकी लागल्यासारखा हलला आणि गप्प झाला.

त्या सीडीत हरण्या होता. हरण्या म्हणजे गेणभाऊंचा बैल. चैत्रातल्या यात्रेत बैलगाड्यांच्या शर्यतीत हरण्याच्या गाड्यानं अख्खा घाट, म्हणजे शर्यतीची चढाची वाट, अकरा सेकंदांत चढून दाखवला होता. हे खरं होतं, आणि अडचण नेमकी तिथंच होती. कारण त्याआधीच्या साठ वर्षांत गेणभाऊंनी जे जे सांगितलं होतं, त्यात त्यांच्या शेतातला एक बटाटा दोन गड्यांनी ढकलत घरी आणला होता. उसात भेटलेल्या बिबट्याला त्यांनी "घरी कोन हाय का न्हाई तुला?" म्हणून झापलं होतं आणि बिबट्या खाली मान घालून निघून गेला होता. अशा माणसाचे अकरा सेकंद कोण धरणार? लाऊडस्पीकर नेमका त्याच बारीला, हरण्याच्या फेरीलाच, बंद पडलेला. घड्याळवाल्यानं वेळ लिहिलेली चिठ्ठी दिली होती, पण ती गेणभाऊंनी कौतुकानं हरण्याच्या तोंडापुढं धरली आणि हरण्यानं ती खाल्ली.

सगळ्यांत जास्त हसला तो धर्माजी. पारगावचा, झुंबरबाईचा थोरला भाऊ, म्हणजे गेणभाऊंचा सख्खा मेहुणा.

"दाजी," तो म्हणाला होता, "तुमी जल्मात एकदा जरी खरं बोलल्याचं दाखवलं ना, तर मी पारगावच्या चौकात उभा राहून सांगंन."

गेणभाऊंना ते लागलं. खोटं कुणी मानलं नाही तर त्यांना काही वाटत नसे, ते दुसरं सांगत. पण खरं एकच होतं. ते वाया जाऊ द्यायचं नाही म्हणून त्यांनी मंचरच्या शूटिंगवाल्याला गाठून त्या बारीची एकुलती एक सीडी मिळवली आणि धर्माजीला रविवारी तीन वाजता बघायला बोलावलं. सकाळी एकदा लावून पाहावी म्हणून मुलाला, सुदर्शनला, ती कॉम्प्युटरमध्ये घालायला लावली. पुढचं वर आलंच आहे.

सुदर्शननं मंचरला सहा महिन्यांचा कोर्स केला होता आणि तो कॉम्प्युटर पुण्याहून तिसऱ्या हातानं आणला होता. त्यानं बटण दाबलं. सीडीचा कप्पा उघडेना. पडद्यावर मात्र एक पाटी आली.

"काय म्हनतो?" गेणभाऊंनी विचारलं.

"म्हनतो, बेकायदेशीर काम झालंय. म्हनून मी बंद करतोय."

गेणभाऊंनी आधी दार लोटून घेतलं. "कुनी केलं?"

"ते न्हाई सांगत तो."

"सांगत न्हाई, पन त्याला कळलंय," गेणभाऊ हळू आवाजात म्हणाले.

घरामागून विजेची तार जात होती. मीटरला उगाच ताण नको म्हणून गेणभाऊंनी तिच्यावर एक आकडा टाकलेला होता. विहिरीवरची मोटर आणि हा कॉम्प्युटर त्याच आकड्यावर चालत.

"आबा, ते तसलं बेकायदेशीर नसतंय. प्रोग्राम चुकला का तसं येतं..."

पण आबा लांब बांबू घेऊन घरामागं पोचले होते. त्यांनी आकडा काढला. कॉम्प्युटरनं डोळे मिटले.

"आता काय म्हनतो?" त्यांनी मागूनच विचारलं.

"आता कशाला म्हनंल? त्याची लाईट काढली तुमी."

घरातल्या मीटरच्या प्लगात कॉम्प्युटरची पिन बसेना. शेवटी आकडाच परत टाकायचं ठरलं. गेणभाऊंनी त्याआधी झुंबरबाईचं एक लुगडं दुहेरी करून पडद्यावर टाकलं आणि कडेनं नीट खोचलं. मग बाहेर जाऊन, पावलांचा आवाज न करता, आकडा टाकला. लुगडं काढलं तर पडदा निळाशार झाला होता आणि वर पांढरी अक्षरं.

"मला नीट बंद केलं न्हाई, म्हनतो. म्हनून आता समदं तपासतो."

"घ्या," गेणभाऊ खाटेवर बसत म्हणाले, "चौकशी लागली."

चौकशी सव्वा तास चालली. कॉम्प्युटर एक टक्का म्हणे, दोन टक्के म्हणे, मध्येच विचार बदलून पुन्हा एकवर येई. गेणभाऊंनी त्याच्यापुढं चहाचा कप ठेवण्याचं तेवढं बाकी ठेवलं. शंभर टक्के झाल्यावर निकाल आला: सिस्टीम मोडली आहे, सिस्टीमची सीडी घाला.

"मग घाल की."

"घालू कुठं? आत हरण्या बसलाय."

"मग हरण्याला उठव."

कप्प्याच्या तोंडाला एक बारीक भोक असतं, त्यात टाचणी घातली की कप्पा उघडतो, हे सुदर्शनला कोर्सात शिकवलं होतं. घरात टाचणी नव्हती. कांद्याच्या गोण्या शिवायचं दाभण होतं, ते भोकात मावेना. बारा वाजले. मग गेणभाऊंनी सावळेरामला बोलावलं.

सावळेराम पंचक्रोशीतल्या जळालेल्या मोटरींना नवी तार भरून द्यायचा. पाणी चढत नाही, इंजिन धुरकतं, मळणीयंत्र थरथरतं, सगळ्याला सावळेराम. त्यानं कॉम्प्युटरला कान लावला, पाठीवर दोन थापा मारल्या आणि सांगितलं, "हवा धरलीय."

"सावळेभाऊ, ह्याच्यात पानी नसतं," सुदर्शन म्हणाला.

"पानी नसतं म्हनूनच हवा धरती. तू कोर्स केला ना मंचरला? एवढं न्हाई सांगितलं?"

त्यानं वरचं पत्र्याचं झाकण काढलं, आतल्या कप्प्याचे दात पाहिले आणि हळहळला. "पार कोरडं पडलंय रं. येवढं मशीन आनलं आन वंगन न्हाई घातलं?"

शर्यतीच्या गाड्याच्या आखाला लावायचं वंगण गोठ्यात होतंच. सावळेरामनं त्यातलं चार बोटं भरून घेतलं आणि मागंपुढं न बघता आत चोपडलं. सुदर्शननं भिंतीकडं तोंड केलं.

"दाब आता बटन."

बटण दाबलं आणि कप्पा बाहेर आला. म्हणजे आला असं म्हणायचं. दिसला तो बाहेर आल्यावरच. त्यातली सीडी सुटली ती सावळेरामच्या टोपीवरून, खिडकीच्या गजांमधून, गोठ्यावरून पार अंगणाच्या टोकाला. गोठ्यातल्या हरण्यानं मान वर करून तिला जाताना पाहिलं, असं सावळेराम अजून सांगतो.

"हवा गेली," तो म्हणाला आणि हात पुसले.

अंगणात जाऊन पाहतात तो सीडी नाही. उकिरडा पाहिला, हौद पाहिला, कोंबड्यांची खुराडी पाहिली.

"आय कुठंय?" सुदर्शननं एकदम विचारलं आणि त्याचा चेहरा उतरला.

झुंबरबाई बाजरीत होती. उन्हाळी बाजरी दाण्यावर आली होती आणि चिमण्यांनी तिचा जीव नकोसा केला होता. सुदर्शनच्या कॉम्प्युटरला न चालणाऱ्या सीड्या तो खिडकीतून अंगणात टाकी, त्या ती उचलून शेतात काठ्यांना बांधी. मधलं भोक दोरा ओवायलाच ठेवलेलं असतं, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. चाळीसेक सीड्या रानात लुकलुकत होत्या.

"आये, आत्ता अंगनात पडलेली सीडी?"

"ती व्हय? ती काय, त्या मधल्या काठीला. चांगली चकचकीत व्हती."

गेणभाऊ बाजरीतून धावले. सीडीवर स्केचपेननं लिहिलेलं 'हरण्या' तसंच होतं. त्यांनी ती उलटी केली. मागची बाजू तर आरशासारखी लखलखत होती.

"ही अशी कशानं चमकती गं?"

"राखंनं," झुंबरबाई म्हणाली. "वंगन लागलं व्हतं तिला. काथ्यानं घासली दोनदा. चिमन्यांना चकाकी लागती."

सुदर्शननं सीडी उन्हाकडं धरून आरपार पाहिलं. मग म्हणाला, "आन फळीवर एक कागदाच्या पाकिटात व्हती, सिस्टीमची?"

"ती बांधाला हाय. पाकिटाचं काय करायचं म्हनून चुलीत घातलं."

तीही घासलेली होती. पण दुसरा उपाय नव्हता. दोन्ही सीड्या पंच्यानं पुसून घरी आणल्या. सिस्टीमची आधी घातली. वंगणाच्या जोरावर ती अशी फिरायला लागली की टेबल हळूहळू दाराकडं निघालं. सावळेराम टेबल धरून उभा राहिला. काही वाचलं, काही सुटलं, शेवटी कॉम्प्युटर उघडला खरा. पण सगळे मिळून सोळा रंग उरले होते, आणि पडद्यावरच्या खुणा बाजरीच्या भाकरीएवढ्या दिसत होत्या.

तेवढ्यात धर्माजी आला. हातात पेढे नव्हते की काही नव्हतं. मनगटावरचं घड्याळ मात्र काढून मुठीत घेतलं होतं.

"बसा पावणं," गेणभाऊ म्हणाले. "आज तुमची खोड मोडतो. मानूस खोटं बोलंल, मी बोलंन, तुमी बोलाल. ह्यो कॉम्प्युटर न्हाई बोलत. सकाळी आमचीच चौकशी लावली व्हती त्यानं."

"चौकशी?" धर्माजीनं कॉम्प्युटरकडं जरा आदरानं पाहिलं आणि चपला दाराबाहेर सरकवल्या.

सीडी लागली. घाटाचा पायथा दिसला, माणसं दिसली. हरण्या दिसला.

"बैल हिरवा हाय," धर्माजी म्हणाला.

"रंगावर जाऊ नका. वेळ बघा."

निशाण पडलं. गाडा सुटला. धर्माजीनं घड्याळावर नजर ठेवली. एक, दोन... पडद्याला एक उचकी लागली, तीन, आणि गाडा घाटमाथ्यावर उभा, हरण्याच्या शिंगांवर गुलाल, गेणभाऊ स्वतः लोकांच्या खांद्यावर.

"चार," धर्माजी म्हणाला.

सावळेरामनं धरलेलं टेबल सोडलं.

"न्हाई न्हाई, पावणं, ते मधलं घासून गेलंय," गेणभाऊ म्हणाले. "झुंबरनं राखंनं..."

"परत लाव रं सुदर्शन."

परत लावली. परत चार. तिसऱ्यांदा लावली, तर हरण्या निशाण पडायच्या आधीच वर पोचलेला दिसला, आणि तेवढ्यात लाईट गेली. आल्यावर त्या सीडीनं पुन्हा कधी काही दाखवलं नाही.

धर्माजी उठला. त्यानं गेणभाऊंच्या पायाला हात लावला. तो वयानं चार वर्षं मोठा होता.

"दाजी, मी हसलो, माजं चुकलं. तुमी अकरा म्हनत व्हता. लोकांना पटायचं न्हाई म्हनून सात सेकंद पदरचे घालून सांगत व्हता."

"आवो, अकराच हायेत. खरंच अकरा."

"बघितलं?" धर्माजी सावळेरामला म्हणाला. "अजून कबूल करीत न्हाई. काय मोठेपना म्हनायचा."

धर्माजी शब्दाचा पक्का. सोमवारी तो पारगावच्या चौकात उभा राहिला आणि आपला दाजी आयुष्यभर खरं बोलत आल्याचं त्यानं सांगितलं. बटाट्यासकट. बिबट्यासकट. आठ दिवसांत चार सेकंदांचा बैल बघायला पारगावाहून, मंचरहून, कुणी म्हणतं आहुप्याहूनसुद्धा माणसं यायला लागली. गेणभाऊ प्रत्येकाला पाणी देऊन सांगत, "अकरा, राव, अकरा." लोक एकमेकांकडं बघत, माना डोलवत आणि जाताना हरण्यापुढं हिरवा चारा टाकत.

पुढच्या चैत्रात घाटाला जत्रेपेक्षा जास्त गर्दी झाली. या खेपेला लाऊडस्पीकर चालू होता. हरण्या सुटला, जीव तोडून पळाला, आणि आवाज घुमला, "अकरा सेकंद!"

गर्दीतून एकच उसासा निघाला.

"थकला बिचारा," कुणीतरी म्हणालं.

"वय व्हतं, दाजी," धर्माजीनं गेणभाऊंच्या खांद्यावर हात ठेवला. "मानसाचं व्हतं, बैलाचं न्हाई का व्हनार. मनाला लावून घेऊ नका."

घड्याळवाल्यानं सही-शिक्क्याची चिठ्ठी गेणभाऊंच्या हातात दिली. अकरा, आकड्यात आणि अक्षरात. गेणभाऊंनी ती दोनदा वाचली, नीट घडी घातली, आणि मग स्वतःच हरण्याच्या तोंडापुढं धरली.