बाळ आत अडकलंय!

"मम्मी, तुम्ही मुळीच येऊ नका! पंधरा दिवस आहेत अजून. आणि माझं सगळं कसं आखलेलं असतं!"

तिने सासूबाईंना फोनवर हे ठणकावून सांगितलं तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. तिचा नववा महिना सरत आला होता. ती खोलीत शिरायची त्याच्या आधी तिचं पोट शिरायचं. पायात कुठली चप्पल आहे हे गेले तीन आठवडे ती अंदाजानेच ठरवत होती. पण हार मानायची नाही हे तिने पक्कं ठरवलं होतं. नवरा सकाळी सातला लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर गेला की घरात ती, पोटातलं बाळ आणि अडीच वर्षांची लेक. लेकीचं खरं नाव बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर छान चार अक्षरी होतं, पण घरात आणि गल्लीत सगळे तिला भिंगरीच म्हणत. जागी असताना ती एका ठिकाणी थांबलेली आजवर कुणी पाहिली नव्हती.

चार वाजता चर्चमधले फादर येणार होते. बाळंतपणाआधी आईसाठी जी प्रार्थना करतात, ती करायला. बेत तयार होता. दूध मंद आचेवर ठेवायचं. मेरीमातेच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावायची. गॅलरीतले कपडे काढायचे, भिंगरीला धुतलेला फ्रॉक घालायचा आणि फादरांनी बेल वाजवली की शांत, हसऱ्या चेहऱ्याने दार उघडायचं. रोज असंच असतं आमच्याकडे, अशा थाटात!

दूध ठेवलं. मेणबत्ती लावली. भिंगरी खेळण्यांत रमलेली बघून ती गॅलरीत गेली आणि दोरीवरचा पहिला टॉवेल ओढला.

मागे दार लागलं. मग "खट्" असा आवाज आला.

तो आवाज तिने नीट ओळखला. दाराची खालची आडवी कडी! वरची कडी नवऱ्याने मुद्दाम उंचावर बसवून घेतली होती, पोरीचा हात पोचू नये म्हणून. खालची काढायला तो गेले चार रविवार स्क्रू-ड्रायव्हर शोधत होता.

"भिंगरे! दार उघड!"

शेजारच्या खिडकीच्या गजांतून आतली सगळी खोली दिसत होती. भिंगरी दाराला पाठ लावून उभी होती आणि खुदुखुदू हसत होती.

"आई हलवली!"

"हो गं बाई, हरवले मी. आता शोध मला. ती कडी सरकव बघू."

"नाय. आदी दहा मोज!"

तिने दहा मोजले. वीस मोजले. मग भिंगरीने आईची पांढरी ओढणी खांद्यावर घेतली, बाहुल्यांना सोफ्यावर ओळीने बसवलं आणि त्यांना एकेक बिस्कीट भरवत मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, सुरू केली. रविवारी मिस्साला उठून पळणारी पोर, आज घरी अगदी फादरांसारखी हात पसरून उभी! एरवी आई कौतुकाने बघत राहिली असती. पण स्वयंपाकघराच्या दारातून गॅसचा कोपरा दिसत होता, आणि पातेल्यातलं दूध हळूहळू वर यायला लागलं होतं.

फोन आत, टेबलावर. पुढचं दार आतून लॅचने बंद. तिने तारेचा एक हँगर दोरीवरून ओढला, सरळ केला, टोकाला आकडा ठेवला आणि गजांतून हात घातला. कडी खिडकीच्या अगदी शेजारी होती. पण पोट भिंतीला टेकलं की हात तिथेच थांबायचा. चार बोटं कमी! तिने श्वास सोडला, टाचा उंचावल्या, गाल गजांवर दाबला. चारच बोटं. आतल्या बाळाने ढुशी दिली, जणू "मला का चेंगरतेस?"

इतक्यात आतून "स्स्सऽऽ" असा आवाज आला. दूध उतू गेलं. निळी ज्योत एकदा फडफडली आणि विझली.

ज्योत विझली, पण बटण चालूच होतं. आता नुसता गॅस येत राहणार. आणि इकडे खोलीत मेणबत्ती जळतेय!

स्वयंपाकघरात जाऊ नकोस म्हटलं की भिंगरी नक्की तिथेच जाणार, म्हणून तो शब्द तिने तोंडातून काढलाच नाही. ती शक्य तितक्या लाडात म्हणाली, "बाळा, ती मेणबत्ती बघ. आज तू फू करायची!"

भिंगरीने मिस्सा अर्धवट सोडली. "मी?"

"तूच. एकटीने."

एरवी या गोष्टीसाठी धपाटा मिळायचा. भिंगरी सोफ्यावर चढली, तिपाईकडे वाकली आणि गाल फुगवले. पहिली फुंकर मूर्तीवर गेली. दुसरी स्वतःच्याच हातावर. ओढणीचं टोक ज्योतीपासून वीतभर अंतरावर लोंबत होतं! आईचे दोन्ही हात गजांवर घट्ट आवळले गेले. तिसरी फुंकर बसली. धूर निघाला.

"शाब्बास गं माझी राणी! आता ही कडी..."

"नाय. पलत लाव मेंबत्ती!"

आता ओरडण्याला पर्याय नव्हता. गल्लीत समोरच टेलरकाकांचं दुकान. पन्नास वर्षं मशीन चालवून त्यांचे कान निम्मे गेले होते. ती कठड्याला धरून, दुसरा हात पोटावर ठेवून, जीव खाऊन ओरडली, "काका! काकाऽऽ! बाळ आत अडकलंय!"

मशीन थांबलं. काकांनी चष्मा वर केला. गॅलरीत पोट धरून किंचाळणारी बाई त्यांना दिसली आणि त्यांच्या हातातली कात्री खाली पडली.

"काय म्हणतेस पोरी? अडकलंय?"

"हो ना! सुटतच नाहीये!"

"कधीपासून?"

"पंधरा मिनिटं झाली!"

"जोर लावू नकोस हां! अजिबात जोर लावू नकोस!"

"जोर लावूनच बघतेय केव्हाची! चार बोटं कमी पडतायत!"

काकांनी दुकानाच्या फळीचा आधार घेतला. त्यांना स्वतःला पाच मुलं होती, पण त्या पाचही वेळा ते दुकानातच होते. ऐकीव माहितीवर त्यांनी चाचरत विचारलं, "डोकं... डोकं दिसतंय का?"

तिने वळून खिडकीतून पाहिलं. "दिसतंय! हसतंय माझ्याकडे बघून!"

काकांनी आधी ॲम्ब्युलन्सला फोन केला, मग तिच्या नवऱ्याला. त्याच्या पँटी शिवत असल्याने त्याचा नंबर त्यांच्याकडे होता. आणि कोपऱ्यावरून फादर येताना दिसले तसे अनवाणीच धावत जाऊन त्यांनी फादरांचा हात पकडला. "फादर, लवकर चला! केस अवघड आहे!"

फादर उंच, सडपातळ, साठीच्या पुढचे. ते एका दमात जिना चढले आणि त्यांनी बेलकडे हात नेला.

"बेल वाजवू नका!" गॅलरीतून किंकाळी आली. ती खिडकी, खोली, पुढचं दार असं सगळं ओलांडून जिन्यापर्यंत पोचली. "आत गॅस सुटलाय! मी गॅलरीत अडकलेय! भिंगरी आत एकटी आहे!"

आता फादरांच्या ध्यानात आलं. बाळ म्हणजे हे बाळ! दाराला टपाल टाकायची फट होती. ते गुडघ्यांवर बसले, फटीला तोंड लावलं.

"भिंगरी, बेटा, मी फादर. गॅलरीचं दार उघडतेस ना?"

"तू फादल नाय. फादल पांधले अस्तात." फटीतून तिला चौकड्यांचा शर्ट दिसत होता.

"अगं, पांढरा झगा आहे माझ्या पिशवीत."

"आणि फादल खूऽऽप बोल्तात. आई म्हन्ते, शेवटी विशलतात कुथे थांबायचं."

गॅलरीत तिने डोळे मिटून घेतले. गॅस सुटलेला, पोर आत, पोट घट्ट झालेलं, तरीही लाजेने कान तापायचे ते तापलेच!

फादर मात्र मोठ्या मनाचे. पोरीला त्यांनी झगा दाखवला, ओळख पटवली आणि शांत, संथ, खालच्या पट्टीत समजावायला सुरुवात केली. कडी कशी धरायची, कुठल्या बाजूला सरकवायची, आई-बापाचं ऐकणाऱ्या मुलांवर देवाचं किती प्रेम असतं. त्यांचा हा आवाज भिंगरी जन्मल्यापासून दर रविवारी ऐकत होती, आणि दर रविवारी पाचव्या मिनिटाला तिचं जे होत असे तेच झालं. तिने जांभई दिली, सोफ्यावर बाहुल्या बाजूला सारल्या आणि अंगठा तोंडात घालून आडवी झाली.

"फादर, थांबा! बोलू नका! झोपतेय ती!"

फादर थांबले. भिंगरी झोपली होती.

खोली एकदम शांत झाली. स्वयंपाकघरातून बारीक फुसफुस तेवढी ऐकू येत होती. वास आता गजांतून गॅलरीपर्यंत आला होता. तिने हाका मारल्या, टाळ्या वाजवल्या, चिमट्यांची डबी खिडकीतून आत भिरकावली. चिमटे फरशीवर सांडले, पोर हलली नाही. जिन्यावर फादर दाराला खांदा देत होते. दार जाडजूड होतं आणि फादरांचा खांदा फार तर हँगरएवढा. खाली सायरन वाजवत ॲम्ब्युलन्स आली. नर्सबाई वर बघून ओरडल्या, "कळा किती मिनिटांनी येतायत?" हातात राहिलेल्या एका चिमट्यावर अंगठा दाबत ती जपमाळेतली प्रार्थना पुटपुटत होती आणि शब्द पुढेमागे होत होते. पुन्हा हँगर, पुन्हा हात, पुन्हा तीच चार बोटं. पहिल्यांदाच तिला रडू फुटलं.

टेलरकाका खाली मान वर करून उभे होते. ते इतका वेळ तिचं पोट, ती खिडकी आणि तो हात असं आळीपाळीने बघत होते. बघता बघता त्यांच्यातला टेलर जागा झाला.

"पोरी!" ते ओरडले. "समोरून कशाला उभी राहतेस? बाजूने उभी राहा! बाहीचं माप देताना राहतेस तशी!"

ती वळली. डावा खांदा भिंतीला लावला. पोट मोकळ्या हवेत गेलं आणि हात थेट बगलेपर्यंत गजांतून आत शिरला. आकडा कडीला लागला. निसटला. पुन्हा लागला. तिने ओढलं.

"खट्!"

आत जाऊन तिने पोरीला उचललं की गॅस आधी बंद केला, हे तिला नंतर कधीच सांगता आलं नाही. दोन्ही झालं एवढं खरं. बटण बंद झालं, सगळ्या खिडक्या उघडल्या गेल्या, आणि मग ती गॅलरीत, जमिनीवर पडलेल्या टॉवेलवर भिंगरीला छातीशी धरून बसली. भिंगरीच्या केसांना बिस्किटांचा वास येत होता. पोटातून एक लाथ बसली आणि ती भिंगरीच्या पाठीलाही लागली.

"आई," भिंगरी डोळे न उघडता म्हणाली, "बाल धक्का मालतंय."

"मारू दे," ती म्हणाली आणि ओक्साबोक्शी रडली.

पुढचं दार उघडल्यावर नर्सबाई आत आल्या. त्यांनी तिचं पोट तपासलं, रक्तदाब घेतला, बाळाचे ठोके ऐकले. "तुम्ही दोघं ठणठणीत आहात," त्या जरा निराश होऊनच म्हणाल्या. "मग ॲम्ब्युलन्स बोलावली कुणासाठी?"

तेव्हा सगळ्यांचं लक्ष जिन्याकडे गेलं. फादर अजून दारापुढे गुडघ्यांवरच होते. इतका वेळ फटीला तोंड लावून बसल्यावर त्यांनी दाराला खांदा दिला, परत फटीपाशी वाकले, आणि त्यांच्या कमरेत जी उसण भरली ती त्यांना सरळच होऊ देईना.

"प्रार्थना तेवढी करून घेऊ या का?" ते तशाच अवस्थेत म्हणाले. "गुडघ्यांवर आहेच मी."

प्रार्थना झाली. ती थोडक्यात झाली.

मग ड्रायव्हरने आणि टेलरकाकांनी फादरांना तसंच, कुशीवर, घडी घालून स्ट्रेचरवर ठेवलं आणि वर पांढरी चादर टाकली. गल्लीत आता पन्नासेक माणसं जमली होती. त्या गर्दीतून वाट काढत तिचा नवरा आला. अंगभर ग्रीस, हातात पाना, छातीचा भाता झालेला. चादरीखालचा तो उंचवटा बघून त्याने ड्रायव्हरचा दंडच धरला.

"काय झालं? मुलगा की मुलगी?"

ड्रायव्हर घामाघूम झाला होता. "फादर," तो म्हणाला.

"अहो, फादर मीच!" नवरा रडवेला होऊन ओरडला. "पण झालं काय?"

गॅलरीत उभ्या असलेल्या बायकोला त्याला वरून खरं काय ते सांगता आलं असतं. पण तिला हसूच इतकं येत होतं की नर्सबाई धावत आल्या आणि म्हणाल्या, "बाई, हसणं थांबवा, नाहीतर आता खरंच न्यावं लागेल!"