बुडत्या बोटीचं कार्ड

रविवारी सकाळी साडेअकराला कौस्तुभच्या लक्षात आलं की आपल्याकडे खेळ आहे, पाहुणी यायची आहे, पण खेळायला माणसंच नाहीत.

खेळ म्हणजे साधासुधा नव्हे. नोकरी सांभाळून दोन वर्षं खपून त्याने तो बनवला होता. अर्नाळ्यापासून नायगावपर्यंतचा किनारा पुठ्ठ्यावर स्वतःच्या हाताने रंगवलेला, लाकडात कोरलेल्या चार बोटी, एकशेवीस कार्डं आणि बोटाच्या पेराएवढी चिमुकली पापलेटं. मासळी पकडा, डिझेल जपून वापरा, बाजार गाठा. ज्याची टोपली आधी भरेल तो जिंकला. इतकं देखणं काम आपल्या मुलाच्या हातून झालं याचं यमुनाबाईंना फार कौतुक होतं. फक्त जेवणाचं टेबल तेवढं दोन वर्षांत त्यांना परत मिळालं नव्हतं.

पाहुणी पुण्याहून येणार होती. स्वप्ना मॅडमची कंपनी असे खेळ छापून विकत असे. चार जण खेळताना बघायचं, आवडला तर छापायचा, असं ठरलं होतं. अटी दोनच. खेळ पाऊण तासात संपला पाहिजे, कारण त्यापुढे लोक मोबाइल काढतात. आणि खेळ बनवणाऱ्याने मध्ये तोंड उघडायचं नाही.

आदल्या दिवशी चौघं मित्र सरावाला आले होते. कौस्तुभने त्यांना प्रेमाने पाणीपुरी खाऊ घातली, ती चौघांनाही बाधली. नियम समजावण्याच्या नादात त्याच्या स्वतःच्या वाट्याला एकही पुरी आली नव्हती, म्हणून तो एकटाच धडधाकट उरला होता.

तेवढ्यात बेल वाजली. दारात पाचूबंदरच्या कोळीवाड्यातल्या आग्नेसमावशी, चर्चमधला मिस्सा आटपून नेहमीप्रमाणे मासळी घेऊन आलेल्या. कौस्तुभने त्यांच्या डोक्यावरची टोपली उतरवली आणि त्यांना थेट टेबलाशी बसवलं. त्यांचे यजमान सेबेस्टियनकाका खाली स्कूटरवर बसून होते, त्यांनाही वर आणलं. यमुनाबाईंनी पदराला हात पुसत तिसरी खुर्ची घेतली. त्या तिघांच्या पाठोपाठ स्वप्ना मॅडम आल्या आणि वही उघडून कोपऱ्यात बसल्या.

सेबेस्टियनकाका पाच मिनिटं नुसतेच पट न्याहाळत राहिले. चाळीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस, आता चुका काढणार असं कौस्तुभने धरलं.

"वाळूचा दांडा बरोबर काढलाय पोरानं," काका म्हणाले. "हितंच माझा बा अडकला होता."

कौस्तुभला इतका आनंद झाला की त्याने तिथेच उठून मॅडमना पाणी दिलं. त्यानंतर मात्र आनंदाचं काही घडेना.

आग्नेसमावशीच्या हाती पहिलं पापलेट आलं आणि यमुनाबाई गिऱ्हाईक झाल्या. कार्डावर वीस गुण छापले होते. मावशी तिसाच्या खाली उतरेनात, यमुनाबाई पंधराच्या वर चढेनात. वीस वर्षांची दोघींची सवय, ती कार्ड बघून थोडीच सुटणार? डोळे बघून झाले, कल्ले बघून झाले, रुसवाही झाला. दहा मिनिटांनी सौदा वीसवर पटला, म्हणजे छापलेल्या भावावरच.

मग खेळात जून उजाडला. जून आणि जुलै या दोन महिन्यांत समुद्रावर जाणाऱ्याला दुप्पट मासळी, असा कौस्तुभचा लाडका नियम होता. काकांनी निमूटपणे बोट किनाऱ्यावर ओढली आणि वरून रुमालाने शाकारली. जून-जुलैत बंदी असते, एवढंच ते म्हणाले. मावशींनीही बोट ओढली. मग एकटं कसं जायचं म्हणून यमुनाबाईंनीही ओढली आणि त्या चहा ठेवायला गेल्या. दोन फेऱ्या तिघं हात बांधून पावसाळा संपायची वाट बघत बसले. कौस्तुभने तोंड उघडलं, मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याने ते मिटलं.

बसून बसून कंटाळलेल्या स्वप्ना मॅडमनी चौथी मोकळी बोट स्वतः घेतली. त्यांनी मजेत चौदा पापलेटं पकडली आणि काकांनी ते कार्ड उचललं.

त्या एका कार्डासाठी कौस्तुभने आठ महिने घातले होते. सगळा खेळ त्यावर फिरायचा; ज्याला ते मिळे तो हमखास जिंकायचा. 'तुफान. शेजारची बोट बुडते आहे. तिची सगळी मासळी तुमची.' शेजारी मॅडमचीच बोट होती.

काकांनी कार्ड दोनदा वाचलं आणि चष्मा काढला. "हे कोनी लिवलं?"

कौस्तुभने शाळेतल्यासारखा हात वर केला.

काकांनी बोट वळवली. होतं नव्हतं ते डिझेल टाकून मॅडमची बोट गाठली आणि मिठाईच्या खोक्याच्या दोऱ्याने आपल्या बोटीला बांधली. अर्ध्या वाटेत डिझेल संपलं. आता दोन बोटी अडकल्या. नवऱ्याच्या अकलेचा उद्धार करत मावशी निघाल्या, त्यांचीही बोट वाळूच्या दांड्यावर रुतली. यमुनाबाई भाताचा कुकर बंद करून धावल्या. दुपारचे तीन वाजले तरी कोणी जेवलं नव्हतं, मॅडम सोडल्या तर कोणाच्याही टोपलीत धड मासळी नव्हती, आणि कौस्तुभच्या दोन वर्षांचं पाणी होत होतं. त्याला राहवेना.

"काका, अशाने जिंकणार कोण?"

"आज हिला सोडली तर उद्या मला कोन ओढंल?" काका म्हणाले. मग त्यांनी खरं कारणही सांगितलं. "आनि वाचवला की वीस वर्सं ऐकवता येतं. युजीनची बोट मी ओढलेली, दर सनाला ऐकवतो."

"म्हनून तो सनाला येत नाय," मावशी म्हणाल्या.

चारला मॅडमनी घड्याळ पाहिलं. पुण्याची बस साडेचारला होती. त्यांनी वही मिटली, पर्स उचलली. संपलं सगळं, असं कौस्तुभला वाटलं आणि त्याचे डोळे खरोखर भरून आले. तेवढ्यात आग्नेसमावशींनी पर्सचा पट्टा धरला.

"तुजी बोट अजून पान्यात हाय. तशीच टाकून जाशील?"

मॅडमनी पटाकडे पाहिलं. मग त्या खाली बसल्या आणि दिवसभरात पहिल्यांदाच त्या खोलीत कोणीतरी मोबाइल काढला. "मला आज उशीर होईल," त्या घरी सांगत होत्या. "नाही, मीटिंग संपली. बोट अडकली आहे."

पावणेसहाला एकमेकींना ओढत चारही बोटी पटावरच्या पाचूबंदरला लागल्या. यमुनाबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

"मग जिंकलं कोण?" मॅडमनी विचारलं.

"सगल्या बोटी घरी आल्या ना," काका लहान मुलाला सांगावं तसे म्हणाले.

मॅडमनी ते वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवलं. खेळ असाच संपणार असेल तर आपण छापू, त्या कौस्तुभला म्हणाल्या. त्याने चाचरत पाऊण तासाची आठवण काढली. पाच तास कसे गेले तेच आपल्याला कळलं नाही, तेव्हा ती अट सोडून देऊ, असं त्या म्हणाल्या. तोवर काकांनी पेन मागून घेतलं, कार्डावरचं शेवटचं वाक्य खोडलं आणि त्या जागी एकच शब्द लिहिला: 'जा.'

खेळ बाजारात आला तेव्हा कार्डावर तोच शब्द छापला होता. पहिला डबा काकांची सही घ्यायला म्हणून स्वप्ना मॅडम स्वतः पाचूबंदरला घेऊन आल्या. अंगणात सणाची पंगत बसली होती. सेबेस्टियनकाकांनी त्यांना सगळ्यांच्या मध्ये नेऊन उभं केलं.

"हिची बोट," ते म्हणाले, "मीच ओढली."

पंगतीत कित्येक वर्षांनी आलेल्या युजीनने पाट सरकवून मॅडमना आपल्या शेजारी जागा करून दिली.