मोडीत काढलेला इंडेक्स

एटोबिको उपनगरातल्या टायरच्या दुकानाचा डेटाबेस आपण एका दुपारात हरणासारखा पळवून दाखवू, असं दुकानाचं कंप्युटरचं काम बघणाऱ्या उन्मेषनं मॉरिसला छातीठोक सांगितलं होतं. मॉरिस मूळचा वसईचा, दुकानाचा मॅनेजर. त्याला टायरमधलं सगळं कळायचं आणि डेटाबेसमधलं काहीच नाही, म्हणून त्यानं आनंदानं मान डोलावली.

उन्मेषनं डेटाबेसमधल्या अपॉइंटमेंटच्या टेबलावरचे इंडेक्स, म्हणजे नोंदी झटकन सापडाव्यात म्हणून केलेल्या सूच्या, तपासले. गिऱ्हाईक-क्रमांकावरचा इंडेक्स एकही रिपोर्ट वापरत नव्हता. 'अपॉइंटमेंट खऱ्या गिऱ्हाइकाचीच आहे ना, हे बघायला फॉरेन कीचा नियम आहेच की. हा कशाला जागा अडवतोय?' असं म्हणत त्यानं तो उडवला आणि शीळ घालत घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोसमातला पहिला बर्फ पडला. अख्ख्या एटोबिकोला एकदम विंटर टायर्स आठवले. फोन खणखणू लागले, आणि नेमका तेव्हाच काउंटरवरच्या बियांकाचा स्क्रीन थिजला.

"अरे, काहीच सेव्ह होत नाहीये," ती म्हणाली.

"नेटवर्क असेल. डेटाबेस मी कालच फास्ट केलाय," नुकताच गाडी लावून आत आलेला उन्मेष म्हणाला.

त्याच्या शब्दावर मॉरिसनं राउटरची वायर उपटली. दुकानाचे फोन त्याच राउटरवर चालायचे, तेही मेले. फोन लागेना म्हणून लोक गाड्या घेऊन थेट दारात आले. पार्किंग लॉटला मंगल कार्यालयाची कळा आली, रांग वॉशरूमपर्यंत पोचली. राउटर परत जोडला, तरी स्क्रीन आपला तसाच.

"बियांका, तू नेमकं काय करतेयस?" उन्मेषनं विचारलं.

"काही गिऱ्हाइकांची नावं दोनदा पडलीत, ती डिलीट करतेय. एक डिलीट दाबलं की सगळं दुकान अडकतं."

उन्मेषला काल उडवलेला इंडेक्स आठवला. गिऱ्हाईक काढण्याआधी त्याच्या नावावर एखादी अपॉइंटमेंट उरली नाही ना, हे फॉरेन कीला बघावंच लागतं. इंडेक्स असता तर तिनं नेमक्या जागी बोट ठेवलं असतं. आता ती बिचारी वर्षानुवर्षांच्या अपॉइंटमेंट पहिलीपासून चाळत बसली होती, आणि तोवर बाकीच्यांना टेबलाला हात लावू देत नव्हती.

"नेटवर्क नाही," तो बारीक आवाजात म्हणाला. "मी आहे."

"मग तुझी वायर उपटू काय?" मॉरिसनं शांतपणे विचारलं.

उन्मेषनं इंडेक्स पुन्हा बांधायला लावला. तो होईपर्यंत टेबल बंदच, म्हणून रांगेतल्या लोकांना कॉफी वाटत फिरला. शेवटी बियांकानं डिलीट दाबलं. बोट उचलायच्या आत नाव गेलं.

"आलं रे लाइनीवर," ती म्हणाली, आणि भराभर बुकिंग घेत सुटली. संध्याकाळपर्यंत रांग संपली. मॉरिसनं उन्मेषच्या पाठीवर थाप मारली. उन्मेषला फार बरं वाटलं.

"बियांका, माझ्याही गाडीला एक अपॉइंटमेंट दे. अजून समर टायर्सच आहेत."

"सिस्टिम इतकी फास्ट झाली ना, सगळं भरलं बघ," ती म्हणाली. "आता एकदम नाताळानंतर."

उन्मेषनं गाडी तिथेच ठेवली आणि बस पकडायला बर्फातून निघाला.